पटावरून गळलेली माणसे

१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. या निर्णयाचे सामाजिक महत्त्व आपण वर्गात शिकवतोच. पण त्यात मोजणीचाही एक प्रश्न दडलेला आहे. शाळेत कोण येते हे शिक्षकाला दिसते. कोण येत नाही हे कसे कळणार? वर्गात बसलेल्या मुलांकडे कितीही वेळ पाहिले तरी न आलेल्या मुलांची नावे समजत नाहीत. त्यासाठी आधी गावातल्या सगळ्या मुलांची यादी हवी. यादी हाती असली तरच गैरहजर मूल दिसते.

पट, हजेरी आणि गळती हे शिक्षकांचे रोजच्या व्यवहारातले शब्द. आरोग्याच्या संशोधनातही नेमक्या याच तीन गोष्टी असतात. एखादी सवय, एखादे औषध किंवा लहानपणीची उपासमार यांचा माणसाच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो हे समजायला वर्षानुवर्षे त्याच माणसांकडे परत परत जावे लागते. या काळात काही माणसे गाव सोडतात, काही कंटाळतात, काही आजारी पडतात, काही मरतात. पाच हजार माणसांनी सुरू झालेला अभ्यास संपतो तेव्हा हाताशी साडेतीन हजारच उरलेली असू शकतात. मग उत्तर कोणाविषयीचे म्हणायचे? पाच हजारांचे, की उरलेल्यांचे?

या प्रश्नाशी संशोधकांनी कशी झुंज दिली त्याची गोष्ट येथे सांगायची आहे. तिच्यातले दोन महत्त्वाचे प्रसंग आपल्या महाराष्ट्रातलेच आहेत.

वजन न वाढता सरासरी वाढते

आधी एक साधे गणित करू. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत चौथीच्या वर्गात ४० मुले आहेत. जूनमध्ये सर्वांची वजने घेतली. सरासरी आली २४ किलो. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला आणि ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर १० मुले आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे आली. ही मुले घरच्या गरिबीमुळे मुळातच किरकोळ, त्यांची जूनमधली सरासरी होती २१ किलो. जानेवारीत शाळेत पुन्हा वजने घेतली. समजा, या सात महिन्यांत एकाही मुलाचे वजन रतीभरही वाढलेले नाही. तर सरासरी किती येईल?

४० मुलांचे एकूण वजन ९६० किलो. गेलेल्या १० मुलांचे २१०. उरलेल्या ३० मुलांचे ७५०. भागाकार केला की उत्तर येते २५ किलो. म्हणजे एकाही मुलाचे वजन न वाढता वर्गाची सरासरी एक किलोने वाढली. अहवाल लिहिणारा प्रामाणिक असला, वजनकाटा बिनचूक असला, तरीही ‘मुलांची प्रकृती सुधारली’ असा निष्कर्ष निघेल आणि तो साफ खोटा असेल.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. १० मुले गेल्यामुळे मोजायला माणसे कमी उरली, हा एक तोटा. त्याने उत्तर थोडे डळमळीत होते, पण ते एका बाजूला झुकत नाही. चिठ्ठ्या टाकून कोणतीही १० मुले वगळली असती तर उरलेल्यांची सरासरी २४ च्या आसपासच राहिली असती. दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. गेलेली मुले कोणतीही दहा नव्हती. ज्या कारणाने त्यांनी शाळा सोडली, त्याच कारणाने त्यांचे वजन कमी होते. गळती किती झाली यापेक्षा कोणाची झाली हा प्रश्न म्हणूनच मोठा.

हेच उलट दिशेनेही घडते. इचलकरंजीच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात दहा वर्षे नोकरी झालेल्या कामगारांची छाती तपासली आणि ती ठणठणीत निघाली, तर सुताची धूळ निरुपद्रवी ठरते काय? ज्यांना खोकल्याने, दम लागण्याने काम झेपेनासे झाले ते केव्हाच गावी परत गेले असतील. कारखान्यात सापडतात ते टिकून राहिलेले.

यादीत येण्याआधीची गळती

दीर्घकालीन आरोग्य-अभ्यासांत जगभर नाव झाले ते अमेरिकेतील फ्रामिंगहॅम या लहान शहरातल्या अभ्यासाचे. हृदयविकार कोणाला होतो आणि का, हे शोधण्यासाठी तो १९४८ मध्ये सुरू झाला. निरोगी माणसांची नोंद करायची, दर दोन वर्षांनी त्यांना तपासायचे आणि पुढे कोणाला विकार होतो ते पाहायचे, अशी पद्धत होती. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध आज आपण गृहीत धरतो. तो पक्का होण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

या अभ्यासात ५,२०९ स्त्री-पुरुष होते. पण हा आकडा कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. शहरातून नमुना म्हणून ६,५०७ जणांची निवड केली होती. त्यांपैकी आले ४,४६९, म्हणजे शंभरातले सुमारे ६९. आकडा कमी पडतो म्हणून स्वतःहून पुढे आलेल्या ७४० जणांना घेतले. आता, बोलावूनही जो येत नाही आणि न बोलावता जो येतो, ही दोन्ही माणसे प्रकृतीने सारखी असतील असे धरता येत नाही. स्वतःहून तपासणीला येणारा माणूस बहुधा प्रकृतीला जपणारा असतो. शाळेच्या भाषेत सांगायचे तर पटावर नाव चढण्याआधीच एक गळती झालेली असते. वर्गातल्या हजेरीवरून ती कधीच कळत नाही. तिच्यासाठी गावातल्या सगळ्या मुलांची यादीच लागते.

अर्ध्यावर गेलेल्याचे काय करायचे?

जो काही वर्षे राहून मग दिसेनासा झाला, त्याची नोंद फेकून द्यायची का? हा प्रश्न विमा व्यवसायाच्या गणितात फार जुना आहे. धूमकेतूमुळे आपल्या परिचयाचे असलेले एडमंड हॅली यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ या शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता तयार केला होता. पुढे अशा तक्त्यांतूनच एक कल्पना रुजली. माणूस जेवढा काळ आपल्या नजरेखाली होता, तेवढ्या काळापुरता त्याला मोजावे. गेल्यावर मोजणीतून काढावे, पण आधीचा काळ पुसू नये.

या कल्पनेला आजचे रूप मिळाले १९५८ मध्ये. त्याची हकिकत मोठी गमतीची आहे. अमेरिकेत पॉल मायर हे कर्करोगाच्या रुग्णांच्या आयुष्याचा हिशेब करत होते, तर एडवर्ड कॅप्लन हे बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत समुद्राखालच्या तारांमधील निर्वात नळ्या किती काळ टिकतात याचा. दोघांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच पद्धत शोधली आणि एकाच नियतकालिकाकडे लेख पाठवले. संपादकांनी दोघांना मिळून लिहायला सांगितले. आज जगातल्या कोणत्याही रुग्णालयात रुग्णांच्या जगण्याचा आलेख काढतात तो बहुधा कॅप्लन-मायर पद्धतीचाच असतो.

ती पद्धत दहा रुग्णांवर करून पाहू. पहिल्या वर्षात २ रुग्ण दगावले, ८ उरले. वर्ष संपताच ३ जण गाव सोडून गेले, त्यांचे पुढे काय झाले कळले नाही. राहिलेल्या ५ जणांपैकी दुसऱ्या वर्षात १ दगावला. दोन वर्षे जगण्याची शक्यता किती?

गेलेल्या तिघांची नावेच खोडली तर ७ पैकी ४ जगले, म्हणजे ५७ टक्के. तिघेही जिवंत आहेत असे धरले तर १० पैकी ७, म्हणजे ७० टक्के. कॅप्लन-मायर पद्धत वर्षावर्षाचा वेगळा हिशेब करते. पहिले वर्ष जगण्याची शक्यता १० पैकी ८. ते जगल्यावर दुसरे वर्ष जगण्याची शक्यता ५ पैकी ४. दोहोंचा गुणाकार ०.६४, म्हणजे ६४ टक्के. तिघांनी पहिल्या वर्षाची माहिती दिली होती, ती वाया गेली नाही. दुसऱ्या वर्षाची दिली नव्हती, ती आपण त्यांच्या तोंडी घातली नाही.

पण या सुबक गणिताला एक अट आहे. गेलेले तिघे प्रकृतीने राहिलेल्या पाचांसारखेच असले पाहिजेत. ते अत्यवस्थ झाले म्हणून घरच्यांनी त्यांना गावी नेले असेल, तर ६४ हे उत्तर फाजील आशावादी ठरते. अट पाळली गेली की नाही हे गणित सांगू शकत नाही. त्यासाठी कोणीतरी त्या तिघांच्या गावी जाऊनच यावे लागते.

मुंबईची मतदारयादी

धूम्रपानाविषयीच्या सर्वांत प्रसिद्ध अभ्यासात रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठवली. डॉक्टर निवडण्यात एक मोठी सोय होती. डॉक्टरांची सरकारी नोंदवही असते. पत्ता बदलला, मृत्यू झाला, तरी माग काढता येतो. या अभ्यासातील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा पन्नास वर्षे झाला आणि त्याचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे बिडी ओढणाऱ्यांची नोंदवही कुठून आणायची? शिवाय आपले प्रश्नही वेगळे. ब्रिटनमधला डॉक्टर सिगारेट ओढत होता. आपल्याकडे बिडी, तंबाखू-चुना, मिश्री. कोल्हापूरच्या शेजारचा निपाणी भाग तर बिडीच्या तंबाखूचे आगरच. बिडीत तंबाखू थोडी, ती पानात गुंडाळलेली, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य असा समज सर्रास आढळतो.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला हात घातला तो मतदारयादीच्या आधारे. १९९२ ते १९९४ या काळात घरोघर जाऊन ३५ वर्षांवरील सुमारे एक लाख स्त्री-पुरुषांची माहिती घेतली. पाच-सहा वर्षांनी पुन्हा त्याच दारांवर जायचे ठरले.

मुंबईत हे किती अवघड असेल याची कल्पना करा. गिरणगावातला कामगार घ्या. त्याचे मूळ गाव सातारा, कोल्हापूर किंवा रत्नागिरी जिल्ह्यातले. १९८२ च्या संपानंतर कितीतरी गिरणी कामगार गावी परतले. एरवीही मुंबईत आजारी पडलेला माणूस शेवटी गावाकडे जातो ही आपल्याकडची रीतच आहे. आता समजा, बिडी ओढणारा एक माणूस छातीच्या आजाराने खंगला, गावी गेला आणि तेथे वारला. मुंबईच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘मृत’ असे येणार नाही. ‘पत्त्यावर सापडला नाही’ असे येईल. अशी शे-दोनशे माणसे सुटली की बिडी कागदावर सौम्य दिसू लागेल. मृत्यू गावाकडे झाले आणि मोजणी मुंबईत, एवढ्यामुळे.

म्हणून पुन्हा घरोघर जाण्याला महत्त्व होते. टपालाने चौकशी केली असती तर पत्रे परत आली असती. माणूस दारात उभा राहिला की शेजारी सांगतात, चाळीतले लोक सांगतात, घरात राहिलेला भाऊ सांगतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ५२,५६८ जणांचा शोध घेतल्याची नोंद आहे. त्यांपैकी ९७.६ टक्के लोकांचा माग लागला आणि ४,३५८ मृत्यूंची नोंद झाली. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांत १.३९ पट तर बिडी ओढणाऱ्यांत १.७८ पट निघाले. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये ते १.३५ पट होते. बिडी सौम्य असल्याचा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. आणि आकड्यांवर विश्वास ठेवता येतो तो सर्वांत आधी त्या ९७.६ मुळे.

या अभ्यासालाही यादीत येण्याआधीची गळती चुकली नाही. मतदारयादीत ज्यांची नावे नव्हती ते सुटले. पहारेकरी असलेल्या श्रीमंत इमारतींमध्ये प्रवेश मिळणे अवघड, म्हणून त्या संशोधकांनीच वगळल्या. पण हे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यामुळे निष्कर्ष मुंबईतल्या कोणत्या माणसांना लागू होतात हे वाचणाऱ्याला कळते.

पुण्याजवळची सहा गावे

दुसरा प्रसंग १९९३ चा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. प्रश्न असा होता की गरोदरपणी आईला काय खायला मिळाले, याचा मुलाच्या पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहासारख्या विकारांशी संबंध आहे काय? याचे उत्तर मिळायला मूल जन्माला येऊन मोठे होईपर्यंत थांबावे लागते. म्हणजे गळतीला भरपूर सवड.

या संशोधकांनी सुरुवात गरोदर स्त्रियांपासून न करता त्याही आधीपासून केली. गावातल्या पात्र विवाहित स्त्रियांची यादी केली, ती २,६७५ ची झाली. त्यांपैकी २,४६६ जणी, म्हणजे शंभरातल्या ९२, सहभागी झाल्या. दर महिन्याला कार्यकर्ती घरी जाऊन पाळीची तारीख विचारून येई. त्यामुळे गर्भधारणा वेळेवर कळे. जून १९९४ ते एप्रिल १९९६ या काळात १,१०२ स्त्रिया गरोदर राहिल्या. पुढच्या अभ्यासात आल्या ७९७. मधली तफावत पाहून एवढी गळती झाली असे वाटेल, पण तसे नाही. गर्भपात, जुळी, गर्भातील दोष, उशिरा लक्षात आलेली गर्भधारणा अशी कारणे त्यात आहेत आणि ती लिहिलेली आहेत. किती जण कोणत्या पायरीवर, कोणत्या कारणाने कमी झाले हे दाखवणारी आकृती आज प्रत्येक चांगल्या अभ्यासात असते. औषधांच्या चाचण्यांसाठी तर १९९६ च्या ‘कन्सॉर्ट’ नावाच्या नियमावलीने ती मागायला सुरुवात केली.

या गावांत अडचण होती ती आपल्या चालीरीतींची. बाळाची मोजमापे जन्मानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची होती. आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी! सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. ते गाव वीस कोसांवर असले की बाळ हाती लागणे कठीण. याच अभ्यासात जन्मलेल्या मुलींच्या बाबतीत हीच अडचण उलट्या दिशेने येते. मुलगी लग्न होऊन सासरी गेली की गाव बदलते, आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. नोंदवहीतली व्यक्ती जिवंत आणि धडधाकट असून कागदावर हरवते. मुलगे गावातच सापडतात. म्हणजे लक्ष दिले नाही तर अशा अभ्यासातून मुली अधिक गळणार, हे उघड आहे. परदेशी पुस्तकात या अडचणीवर उपाय सापडत नाही. माहेर कुठले, सासर कुठले, दिवाळीला मुलगी कधी येणार, हे ठाऊक असलेली गावातली बाईच येथे उपयोगी पडते.

तीस वर्षांहून अधिक काळ या कुटुंबांचा पाठपुरावा झाला आहे. त्यातून काय मिळाले? २००३ मध्ये या गावांतल्या ६३१ बाळांची साउदॅम्प्टनमधील ३३८ बाळांशी केलेली तुलना प्रसिद्ध झाली. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचे ३.५ किलो. पण वजन एवढे कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून किरकोळ, आतून चरबी राखलेली. पुढे २००८ मध्ये सहा वर्षांच्या मुलांविषयीचा निष्कर्ष आला. सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक आढळली. त्यानंतर २०१२ मध्ये याच मुलांपैकी साडेपाचशेहून अधिक किशोरवयीनांना घेऊन ब-१२ पूरक म्हणून देण्याची चाचणी सुरू झाली. आईच्या पोटात असताना ज्यांची पहिली नोंद झाली, ती मुले स्वतः आईबाप होण्याच्या वयाला येईपर्यंत अभ्यासात होती, म्हणून हे शक्य झाले.

रिकाम्या रकान्यात काय भरायचे?

कितीही धडपड केली तरी काही रकाने रिकामे राहतातच. ते कसे हाताळायचे? बरीच वर्षे एक सोपा उपाय चालत आला. माणूस गेला त्या दिवशी त्याचा जो आकडा होता तोच शेवटपर्यंत धरायचा. सहामाहीनंतर शाळा सोडलेल्या मुलाला वार्षिक परीक्षेत सहामाहीचेच गुण देण्यासारखे हे आहे. मूल पुढे शिकत होते की मागे पडत होते, हा प्रश्नच पुसून टाकला जातो.

१९७६ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी या विषयाला शिस्त लावली. त्यांच्या विचाराप्रमाणे रिकाम्या रकान्यांचे तीन प्रकार होतात. पहिला निव्वळ योगायोगाचा: नोंदवही पावसात भिजली. दुसऱ्या प्रकारात जाण्याचे कारण आपल्याजवळच्या नोंदींत असते: लांबच्या वस्तीवरचे लोक कमी आले, पण वस्तीचे अंतर आपण लिहिलेले आहे. अशा वेळी त्याच वस्तीवरच्या आलेल्या लोकांवरून न आलेल्यांचा अंदाज करता येतो. एकच अंदाज केला तर खोटी खात्री वाटते, म्हणून रुबिन यांनी अनेक वेगवेगळे अंदाज भरून त्यांच्यातला फरकही उत्तरात धरण्याची रीत सुचवली. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. जी गोष्ट मोजायची होती तिच्यामुळेच माणूस आलेला नसतो. दारू सुटली का हे पाहायला बोलावले, आणि पुन्हा प्यायला लागला तोच आला नाही.

आणि खरी मेख अशी, की हाती असलेल्या आकड्यांवरून दुसरा प्रकार कोणता आणि तिसरा कोणता हे ओळखता येत नाही. ओळखण्यासाठी लागणारा आकडा नेमका त्या रिकाम्या रकान्यात असतो.

मग एवढेच उरते की वेगवेगळी गृहीते धरून उत्तर किती हलते ते पाहायचे. एक उदाहरण घेऊ. १०० रुग्णांना नवे औषध दिले, १०० जणांना जुने. नव्या औषधाच्या गटातून २० जण गेले, उरलेल्या ८० पैकी ६० बरे झाले: ७५ टक्के. जुन्या औषधाच्या गटातून ५ गेले, ९५ पैकी ५७ बरे झाले: ६० टक्के. नवे औषध सरस दिसते. आता गेलेले सर्व जण बरे झाले नाहीत असे धरा. शंभरात ६० विरुद्ध ५७. फरक जवळजवळ नाहीसा झाला. नव्या औषधाला सर्वांत प्रतिकूल गृहीत धरले, म्हणजे नव्यातले गेलेले कोणीच बरे नाहीत आणि जुन्यातले सगळे बरे, तर ६० विरुद्ध ६२. आता जुने औषध सरस! सर्वांत अनुकूल धरले तर ८० विरुद्ध ५७. वीस आणि पाच माणसांच्या जाण्याने एवढा गोंधळ होतो. शिवाय नव्या औषधाच्या गटातून चौपट माणसे का गेली, ते सोसत नव्हते काय, हा प्रश्न वेगळाच.

२०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने औषधांच्या चाचण्यांमधील या प्रश्नावर अहवाल दिला. त्यात गणिती उपाय तर आहेतच, पण समितीचा मुख्य भर गळती होऊ नये यासाठी अभ्यासाची आखणी करण्यावर आहे. एकूण अनुभव हाच आहे. गळल्यानंतरचे गणित आधीच्या मेहनतीची जागा घेऊ शकत नाही.

दंड नाही

येथे शाळा आणि संशोधन यांच्या वाटा वेगळ्या होतात. शाहू महाराज गैरहजेरीसाठी दंड करू शकत होते, कारण शिक्षण मुलाच्या हिताचे होते आणि ते देणे राज्याचे कर्तव्य होते. संशोधकाला असा अधिकार नाही. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून हे तत्त्व मान्य झाले आहे की सहभागी व्यक्तीला केव्हाही अभ्यास सोडण्याची मोकळीक असली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही ते आहे. कारण सांगण्याचीही सक्ती नाही, आणि सोडल्यामुळे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत.

म्हणजे आम्हा संशोधकांना गळती नको असते आणि गळण्याचा हक्क मात्र जपायचा असतो. यातून मार्ग एकच. माणसाला राहावेसे वाटले पाहिजे. त्याच्या वेळेची किंमत ठेवायला हवी. मजुरी बुडवून तपासणीला यावे लागू नये, रक्त घेतले तर अहवाल त्याला समजेल अशा भाषेत मिळावा, दोष आढळला तर उपचाराची वाट दाखवावी, आणि इतक्या वर्षांत काय कळले ते गावात येऊन सांगावे. ‘आमचे रक्त नेले आणि परत कोणी फिरकले नाही’ ही खेड्यांतली तक्रार जेथे खरी असते, तेथे गळतीची सुरुवात संशोधकापासूनच झालेली असते. सोडून जाणाऱ्यालाही नीट निरोप द्यावा. ‘पुढे फक्त फोनवर चौकशी केली तर चालेल का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ रकाने रिकामे राहत नाहीत.

वर्गात करून पाहण्यासाठी

सातवी-आठवीच्या मुलांना हा विषय सहज समजतो. वर्गातल्या सर्वांची उंची मोजून सरासरी काढा. मग चिठ्ठ्या टाकून दहा मुले वगळा आणि पुन्हा सरासरी काढा. हे चार-पाच वेळा करा. नंतर सर्वांत उंच दहा मुले वगळून सरासरी काढा. दोन्ही प्रकारच्या गळतीतला फरक मुलांना स्वतःच्या वहीत दिसेल. शक्यतो उंचीच घ्या. वजनाचा आकडा वर्गासमोर आला की काही मुले संकोचतात.

वर्षभर चालणारा प्रयोग करायचा असेल तर जूनमध्ये मोजमापे घ्या आणि मार्चमध्ये पुन्हा. मध्ये जी मुले शाळा सोडून जातील त्यांची नावे यादीतून खोडू नका. नावापुढे तारीख, कारण आणि जूनचा आकडा तसाच राहू द्या. मार्चमध्ये सरासरी दोनदा काढा: एकदा जूनमध्ये असलेल्या सर्वांची, आणि एकदा आता उरलेल्यांची फक्त जूनच्या आकड्यांवरून. दोन सरासऱ्या सारख्या नसतील, तर गेलेली मुले राहिलेल्यांपेक्षा कशी वेगळी होती याची चर्चा करा. आणि त्यांतले एखादे मूल ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर किंवा जवळच्याच दुसऱ्या गावात असल्याचे कळले, तर त्याची उंची मोजायला आणि त्याला परत शाळेत बोलवायला एकदा जाऊन या.